दर पंखामागे तीन नमो मारिया

एलादियो मुईबाच्या निवृत्तीच्या सत्कारासाठी पितळेचं जे मानपत्र कोरून आणलं होतं, त्यावर लिहिलं होतं की तेहतीस वर्षांत या माणसाने कुठल्याही विमानात एक लिटर तेल कमी टाकलं नाही आणि एक लिटर जास्त टाकलं नाही. यातलं अर्धं खरं होतं. मानपत्रातलं अर्धं खरं निघणं म्हणजे फारच झालं, त्यामुळे तक्रारीला तशी जागा नव्हती.

बेनी प्रांतातल्या सान एउसेबिओला रस्ता आहे, पण तो वर्षातले पाच महिने पाण्याखाली विश्रांती घेतो. त्यामुळे मांस, बाळंतिणी, पुढारी आणि नवऱ्यामुली, सगळं गार्सा कंपनीच्या विमानाने जातं-येतं. कंपनीकडे विमानं दोन. एक उडायचं आणि दुसरं त्याला सुटे भाग पुरवायचं. या उडणाऱ्या विमानात तेल भरणं हे एलादियोचं काम होतं.

त्याची आई बाजारात कुन्यापे विकायची, चीजचे गरम छोटे पाव. डझन मोजून झाले तरी गिऱ्हाईक हात मागे घ्यायचं नाही. 'यापा?' म्हणायचं, आणि आई आणखी दोन टाकायची. ते दोन म्हणजे यापा. यापा न देणाऱ्या बाईच्या टोपलीकडे दुसऱ्यांदा कुणी फिरकत नसे. मोजून झाल्यावर हात थोडा सैल सोडायचा असतो, एवढं शिक्षण घेऊन एलादियो विमानतळावर नोकरीला लागला.

तिथे त्याला उलटं शिकवण्यात आलं. पहिल्याच आठवड्यात मांस वाहणाऱ्या तेव्हाच्या एका लहान विमानात त्याने कागदावर होतं तेवढंच तेल टाकलं. परत येताना तेल संपून ते विमान गावापासून दोन कोसांवर दलदलीत बसलं. पायलटला तीन दिवसांनी बाहेर काढलं आणि चौथ्या दिवशी पुरलं. मुकादमाने एलादियोच्या पाठीवर थाप मारली.

"तू कशाला तोंड पाडून बसलायस? तुझं माप बरोबर होतं. कागद आहे आपल्याकडे."

माप बरोबर होतं, हेच एलादियोला आयुष्यभर बोचत राहिलं. त्या दिवसापासून त्याने कागदाला जेवढं हवं तेवढं कागदाला दिलं आणि विमानाला वेगळं दिलं.

जुन्या पंपाच्या मीटरला पितळेची एक खिट्टी होती. ती वर केली की आकडे झोपी जायचे आणि तेल चालू राहायचं. आकड्यांशिवाय मोजायचं कसं, हा प्रश्न एलादियोने प्रार्थनेवर सोपवला. प्रत्येक पंखातल्या टाकीला एक नमो मारिया. आमेन म्हटलं की खिट्टी खाली. कमी पडलेलं तेल उन्हाने उडालं, असं वरच्या ऑफिसला कळवलं जायचं, आणि ला पाझच्या थंडीत स्वेटर घालून बसलेल्या साहेबांना बेनीच्या उन्हाबद्दल काहीही पटायचं.

पुढे झालं असं, की रोज संध्याकाळी विमान घरी परतलं की टाकीत थोडं तेल शिल्लक दिसायचं. ला पाझमधल्या एका हुशार कारकुनाने विचार केला, शिल्लक राहतं म्हणजे आपण जास्त टाकतो. जास्त टाकतो म्हणजे उगाच वजन वाहतो. त्याने मागणी शंभर लिटरने कमी केली. एलादियोने नमो मारिया दोन केल्या. शिल्लक तशीच राहिली. कारकुनाला बढती मिळाली आणि त्याच्या जागी आलेल्याने आणखी शंभर कापले. एलादियोने तिसरी नमो मारिया सुरू केली. मग त्याच्या मागून आलेल्याने कापलं, तेव्हा एलादियोने सुरुवातीला अख्खी विश्वासाची प्रार्थना लावली, पृथ्वी आणि आकाश निर्माण करणाऱ्या पित्यापासून अनंतकाळच्या जीवनापर्यंत. कंपनी जसजशी काटकसरी होत गेली तसतसा एलादियो भाविक होत गेला. शेवटी डोंगरापलीकडच्या कोचाबांबाला जाणाऱ्या विमानात कागदावर अकराशे लिटर जात आणि पंखांत साडेपंधराशे. अर्धा तास उडायला पुरेल एवढं तेल त्या दोन पंखांत निव्वळ श्रद्धेवर भरलेलं होतं.

या श्रद्धेचं फळ मिळालं ते कॅप्टन रेनान आंतेलोला. धुकं असो, वादळ असो, इतर पायलट मागे फिरायचे तेव्हा रेनान डोंगरावर शांतपणे घिरट्या घालत थांबायचा आणि ढगाला भोक पडलं की उतरायचा. कमी तेलात जास्त उडणारा पायलट म्हणून कंपनीने त्याला तीनदा प्रशस्तिपत्र दिलं. तीनही त्याने दिवाणखान्यात लावली होती. पाहुणा चहा प्यायला बसला की समोर तीच दिसायची.

"हातात असावं लागतं, कोम्पाद्रे," रेनान म्हणायचा. एलादियोच्या मुलीच्या बाप्तिस्म्यात तो धर्मपिता होता, म्हणून दोघं एकमेकांना कोम्पाद्रे म्हणत. "ही विद्या शिकून येत नाही. इंजिन तुमच्याशी बोलतं, तुम्ही ऐकायचं."

"खरंय, कोम्पाद्रे," एलादियो म्हणायचा आणि नळी गुंडाळायला लागायचा.

विमानातल्या तेलाच्या काट्यांशी रेनानचं फारसं जमत नव्हतं. डावा काटा कित्येक वर्षं एकाच जागी बसून होता आणि उजवा वळणावर हेलकावे खायचा. टाकीत बुडवून बघायची खुणांची काठी होती, ती मेल्गारच्या ऑफिसातली खिडकी उघडी ठेवायच्या कामी यायची. फानोर मेल्गार हा सान एउसेबिओचा स्टेशन मॅनेजर. गावात त्याच्याइतकी इस्त्री कुणाच्या शर्टाला नसे.

सत्कार ठरला शुक्रवारी सकाळी दहाला. प्रवाशांच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या, माइक लावला, कुन्यापेच्या दोन परड्या आल्या. एलादियोची बायको साबिना नवा निळा झगा घालून पहिल्या रांगेत बसली. एलादियोला टाय बांधला होता आणि तो मान न वळवता सगळं बघत होता.

त्याच आठवड्यात ला पाझहून नवा पंप आला होता आणि तो बसवायला इंजिनियर मिरियाम किस्बर्ट आली होती. एलादियोला सांगितलं होतं की नवा पंप सोमवारपासून. शुक्रवारचं विमान तो नेहमीसारखं भरेल आणि मग निरोप घेईल. पण ऐनवेळी मेल्गारला त्याचा मान ठेवण्याची उबळ आली.

"सत्कारमूर्तीने का तेलाचे हात करायचे? त्यांना निरोप द्या, विमान उशिरा सुटणार, दहालाच आरामात या. बाई बघतील."

एलादियोला हे कळलं तेव्हा सव्वानऊचं कोचाबांबाचं विमान आकाशात होतं. आणि त्याला ते कळलं मेल्गार मानपत्र वाचत असताना.

"...एक लिटर कमी नाही, एक लिटर जास्त नाही!" मेल्गारने घसा खाकरला. "आणि म्हणूनच दॉन एलादियोंचा वारसा आता तितक्याच अचूक यंत्राकडे जात आहे. आजच्या पहिल्या विमानानेच नव्या पंपाचा शुभारंभ झालेला आहे!"

टाळ्या पडल्या. एलादियोने मान वळवली, टायसकट. मागे भिंतीला टेकून मिरियाम उभी होती, कपड्याने हात पुसत. तो सत्काराच्या खुर्चीवरून उठला आणि सरळ तिच्याकडे चालत गेला. लोकांना वाटलं आभार मानायला निघालाय, म्हणून त्यांनी आणखी टाळ्या वाजवल्या.

"इंजिनियरबाई, सव्वानऊचं तुम्ही भरलंत?"

"पंपाने भरलं. कार्ड लावलं, अकराशे टाकलं, आपोआप बंद झाला. एक थेंब इकडे-तिकडे नाही."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर काय?"

एलादियोने हिशेब करायचा प्रयत्न केला आणि नेहमीच्या सवयीने तो प्रार्थनेतच झाला. विमान चार दिवस हँगरमध्ये होतं, टाक्या कोरड्या करून तपासल्या होत्या. म्हणजे जुनं पुण्यही शिल्लक नव्हतं. कोचाबांबापर्यंत पंचावन्न मिनिटं, नऊशे लिटर. वर दोनशे. दोनशे म्हणजे बारा मिनिटं. घड्याळात दहा वाजून आठ मिनिटं झाली होती.

सरळ बोलून टाकावं एवढी हिंमत त्याला लगेच झाली नाही, हे सांगायलाच हवं. तेहतीस वर्षं कंपनीचं तेल मीटर झोपवून दिलं, हे कुठल्या तोंडाने सांगणार? पेन्शनचा कागद अजून मेल्गारच्या खणात होता. साबिना पहिल्या रांगेत होती. तो मेल्गारजवळ जाऊन कानात कुजबुजला.

"सेन्योर मेल्गार, विमान मागे बोलवा. कोचाबांबाला धुकं असेल."

"धुकं आहेच! आत्ताच रेडिओवर बोलला रेनान. वर घिरट्या घालतोय, आपला नेहमीचा खेळ." मेल्गारने प्रेक्षकांकडे बघून हसू कायम ठेवलं. "बसा हो, अजून हार घालायचाय."

घिरट्या घालतोय, हे ऐकल्यावर मात्र एलादियो बसला नाही. त्या विमानात एकेचाळीस माणसं होती आणि बेचाळिसावा रेनान, आपण इंजिनाशी बोलतो असं समजणारा. एलादियोने मेल्गारच्या हातातला माइक घेतला.

"हे मानपत्र खोटं आहे," तो म्हणाला. "मी तेहतीस वर्षं प्रत्येक विमानात जास्तीचं तेल टाकलंय. यापा दिलाय. आज तो दिलेला नाही."

हॉलमध्ये हशा पिकला. कुणीतरी ओरडलं, "दॉन एलादियो, आम्हालाही द्या यापा, कुन्यापेचा!" पाद्रीसाहेबसुद्धा पोट धरून हसले. माणूस सत्काराला विनोद करतो हेच सगळ्यांना आवडलं. फक्त साबिना हसली नाही. तिने नवऱ्याचा तो आवाज एकदाच ऐकला होता, मांसाचं विमान पडलं तेव्हा.

"जा!" ती खुर्चीवरून ओरडली. "इथं काय बोलतोयस, त्याला जाऊन सांग!"

एलादियो मेल्गारच्या ऑफिसात पळाला. साठीचा माणूस, गळ्यात टाय, आणि मागे हार घेऊन धावणारा मॅनेजर. कंपनीचा लांब पल्ल्याचा रेडिओ टेबलावर होता. एलादियोने बटण दाबलं.

"कोम्पाद्रे, मी एलादियो. खाली उतर."

रेडिओत खरखर झाली. मग रेनानचा आवाज आला, निवांत. "अरे, सत्कार सोडून इकडे काय करतोयस? खाली पिठासारखं धुकं आहे. वीस मिनिटं थांबतो, मोकळं होईल."

"वीस मिनिटं तुझ्याकडे नाहीत. तुझ्या टाकीत यापा नाही."

"काय नाही?"

"यापा! मी रोज टाकतो तो. दर पंखात एक विश्वासाची प्रार्थना आणि तीन नमो मारिया. साडेचारशे लिटर. आज यंत्राने भरलं, कागदावर आहे तेवढंच."

"एलादियो, सकाळी सकाळी घेतलीस का?"

"रेनान, तुझ्या उजव्या काट्याकडे बघू नकोस, तो माझ्या पोरीच्या बाप्तिस्म्यापासून खोटं बोलतोय. घड्याळ बघ. किती वाजता उडालास? अकराशे लिटर. कर हिशेब."

मेल्गार दारात उभा होता, हार हातात, आणि कागदावर आपण कुठे कुठे सही केली आहे हे आठवत होता.

"कोम्पाद्रे," रेनानचा आवाज आला. तो निवांत राहिला नव्हता. "रोज म्हणजे, किती वर्षं रोज?"

"ते नंतर विचार. डोंगर ओलांड आणि सखलात ये. चापारेत लाकूडवाल्यांची जुनी धावपट्टी आहे, तिकडे कधीच धुकं नसतं. तुझ्याकडे उंची आहे, तीच वापर."

"कोचाबांबाला सांगू तरी काय? आणीबाणी म्हणू? वीस वर्षांत मी हा शब्द उच्चारलेला नाही."

"तो शब्द तुझ्या बापाच्या मालकीचा नाही! म्हण!"

रेनान म्हणाला. कोचाबांबाच्या टॉवरला आधी पटेना, कारण आंतेलोच्या तोंडून हा शब्द कुणी ऐकलाच नव्हता. त्यात दोन मिनिटं गेली.

पुढचं एलादियोने रेडिओवरच्या तुकड्यांतून ऐकलं. डोंगराच्या धारेवर उजवं इंजिन थांबलं. धार ओलांडल्यावर डावं थांबलं. त्यानंतर रेनान एकदाच बोलला, "फार शांत आहे इथे," आणि मग काही नाही. एलादियो रेडिओसमोर उभा राहून खिट्टी वर असल्यासारखी प्रार्थना म्हणू लागला, मोजून, त्याच चालीत. अकरा वेळा पूर्ण झाली. बाराव्या वेळी मध्येच खरखर आली आणि एक बाई मोठमोठ्याने शिव्या देताना ऐकू आली. तिने धावपट्टीवर कोकाची पानं वाळत घातली होती, त्यावरून विमान गेलं होतं. सगळे जिवंत होते. एका प्रवाशाचा दात पडला होता, तोही त्याच्या म्हणण्यानुसार आधीपासून हलत होता.

एलादियो मेल्गारच्या खुर्चीवर बसला आणि रडला. अगदी हमसून हमसून, टायला नाक पुसत.

चौकशीला ला पाझहून तीन साहेब आले. त्यांनी आठ दिवस कुन्यापे खाऊन निष्कर्ष काढला की अपघाताचं कारण यापा. एलादियोने एवढी वर्षं जास्तीचं तेल टाकलं नसतं तर मागणी कमी आहे हे पहिल्याच वर्षी लक्षात आलं असतं. तेल कापणाऱ्या कारकुनांपैकी एकही सापडला नाही, सगळे बढत्या मिळून साहेब झाले होते. मेल्गारने साक्ष दिली की त्याला पहिल्यापासून संशय होता. काय संशय होता, हे कुणी विचारलं नाही. एलादियोचं पेन्शन अडकलं. पितळेचं मानपत्र कंपनीने परत घेतलं, आणि काटकसरीचं धोरण असल्यामुळे तेच उलटं करून मागच्या बाजूला कॅप्टन रेनान आंतेलो यांच्या अतुलनीय शौर्याबद्दल चार ओळी कोरल्या.

अहवालातली एक गोष्ट एलादियोला खोडता आली नाही. ते तीन साहेब मूर्ख होते, पण हे खरं होतं. त्याचा हात सैल होता म्हणून सगळ्यांचे डोळे बंद राहिले. तो अंगणात बसून दिवसभर हेच साबिनाला सांगायचा आणि ती युकाचे कंद सोलत ऐकायची.

"मग काय, त्यांना पहिल्याच वर्षी पडू द्यायचं होतंस?" ती शेवटी वैतागून म्हणाली. "एवढंच चुकलं, की कुणाला बोलला नाहीस. मलासुद्धा."

तीन आठवड्यांनी रेनान आला. मानपत्र काखेत मारून. बसला नाही, चहाला नाही म्हणाला.

"वीस वर्षं," तो म्हणाला. "वीस वर्षं तू मला मूर्ख बनवलंस. मी लोकांना शिकवत होतो रे! नव्या पायलटांना! इंजिन बोलतं म्हणे! भिंतीवर तीन प्रशस्तिपत्रं, आणि ती तिन्ही तुझी."

एलादियोने त्याच्यापुढे स्टूल सरकवलं.

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू तेही धरून आणखी घिरट्या घातल्या असत्यास."

रेनानला राग आला आणि तो रागाच्या भरात खाली बसला. बराच वेळ त्याने हातातलं पितळ उलटसुलट केलं. एका बाजूला एलादियोचं नाव, दुसऱ्या बाजूला त्याचं.

"मला वाटायचं मी चांगला पायलट आहे, कोम्पाद्रे," तो म्हणाला.

"डावं इंजिन थांबल्यावर किती मिनिटं होतास हवेत?"

"अकरा. बारा असतील."

"त्या बारा मिनिटांत माझा एक थेंबही नव्हता," एलादियो म्हणाला. "ती तुझी."

साबिनाने न विचारता दोन कप चहा आणून ठेवला. रेनानने तो प्यायला. जाताना मानपत्र विसरला, किंवा विसरल्यासारखं केलं. साबिनाने ते कोंबड्यांच्या खुराड्याच्या दाराला अडसर म्हणून लावलं. पितळ जाड होतं, छान बसलं.

एलादियोला विमानतळात शिरायला बंदी होती, पण कुंपणाला कुणाची बंदी नसते. विमान पुन्हा सुरू झालं त्या सकाळी तो तारेपाशी जाऊन उभा राहिला. मिरियामने नळी लावली, कार्ड लावलं, पंप आपोआप थांबला. मग रेनान शिडी घेऊन आला, स्वतः. मेल्गारच्या खिडकीतली काठी त्याच्या हातात होती. वीस वर्षांत पहिल्यांदा तो पंखावर चढला, टाकीत काठी बुडवली, बाहेर काढली आणि उन्हात धरून पाहिली. मान हलवली. मिरियामला काहीतरी म्हणाला, तिने नळी परत लावली. दुसऱ्यांदा काठी बाहेर आली तेव्हा रेनान वळला आणि कुंपणाकडे तोंड करून ती उंच धरली. ओली खूण कुठपर्यंत आली आहे हे तारेपलीकडूनही दिसत होतं.

एलादियोने टोपी काढली. जिभेवर सवयीने प्रार्थना आली आणि त्याने सुरुवातही केली, पण मोजायचं काहीच नव्हतं. त्यामुळे तो मध्येच अडखळला, पुढचे शब्द त्याला आठवेनात. त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरू केली, सावकाश, आणि विमान धावपट्टीवर जाईपर्यंत ती नीट म्हटली.